माझ्या चेहऱ्यावर आजी राहत नाही

तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात एखाद्या लेकराच्या कपाळावर नाहीतर डोळ्याच्या पापणीवर जन्मापासून लाल डाग असेल, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि त्याचा डोळा तपासून आणा. डागाचं नंतर बघू. आधी डोळा. तपासून आलात की पुढचं वाचा, मी कुठं पळून जात नाही.

आता माझं सांगते. माझं नाव गया. वय चोवीस. गाव औंढा तालुक्यात, घरची हळदीची शेती. आमची तरुण पोरापोरींची संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहिते. बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या, शाळेतले कुलूप लावलेले संडास, रेशन दुकानाच्या वेळा, असे विषय. त्यामुळे माझी भाषा जरा ओरडल्यासारखी वाटेल. वाटू द्या. चोवीस वर्षं ज्या गोष्टीवर कोणीच ओरडलं नाही, तिच्यावर आता कुजबुजायचं मला जमणार नाही.

कपाळाचा उजवा अर्धा भाग, उजवी भुवई, वरची पापणी आणि गालाचा वरचा तुकडा, एवढा माझा डाग. एरवी गडद लाल, थंडीत जांभळा. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या राहतात, म्हणून तो दिसतो. गावात त्याला लासं म्हणतात. ग्रहणात आईनं विळी हातात घेतली, असं सांगणाऱ्या बायाही भेटल्या, पण त्यांच्यावर मी शाई घालवणार नाही. माझं प्रकरण वेगळं होतं. माझ्या घरात त्या डागाला कोणी वाईट म्हणत नव्हतं. माझ्या घरात तो डाग म्हणजे आजी होती.

सासू पोटी आली

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची आई सवाष्ण गेली. तिचंही नाव गयाबाई. सवाष्ण बाई गेली की आमच्याकडे तिचा मळवट भरतात, अख्खं कपाळ कुंकवानं माखतात. वरून तुळशीचं पाणी शिंपडताना ते जास्त झालं आणि ते कुंकू ओघळून आजीच्या उजव्या डोळ्यावर आणि गालावर उतरलं. वर्षाच्या आत मी जन्मले. सुईणीनं मला उजेडात धरलं आणि माझ्या आत्यानं हंबरडा फोडला, "अण्णा, माय आली रे! कुंकवासगट आली!"

झालं. त्या दिवसापासून अण्णांनी मला नावानं हाक मारली नाही. "माय, जेवली का?" "माय, उन्हात नको जाऊ." मराठवाड्यात लेकीला लाडानं माय म्हणतातच, पण अण्णा लाडानं म्हणत नव्हते. त्यांच्यासाठी ते खरं होतं. सण असला की ते माझ्या पाया पडायचे. मी चार वर्षांची होते तेव्हाही.

आई तेवढी जमिनीवर होती. वेणी घालताना केस ओढले गेले आणि मी किंचाळले की म्हणायची, "जिवंतपणी काय कमी जाच केला होता, की आता पोटी येऊन करून राहिल्या, सासूबाई!"

खोटं कशाला बोलू, मला याचा फायदाच झाला. घरात मला कोणी रागावलं नाही. बारावीनंतर लग्न लावलं नाही. कॉलेजला जाते म्हटलं, जा म्हणाले. स्वतःच्या आईला नाही कसं म्हणणार? बाहेर पोरं "लालपरी" म्हणून एसटीवरून चिडवायची, घरी मी देवघरातली. याच माजात मी पुढं स्वतःचा फोटो छापून पत्रक काढलं: "डाग चेहऱ्यावर नसतो, बघणाऱ्याच्या नजरेत असतो. चेहरा बदलणार नाही, नजर बदला." ते पत्रक जिल्हाभर फिरलं. मला त्याचा अभिमान होता.

सहावीत असतानाची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. वर्गात खेळता खेळता मी डावा डोळा झाकला आणि फळा पुसट झाला. घरी येऊन सांगितलं. अण्णा ताडकन उठले. मला वाटलं, दवाखान्यात नेतात. ते हसून राहिले होते. "ऐकलं का? मायचा बी उजवाच डोळा अधू होता!" दुसऱ्याच दिवशी आत्याच्या गावाला जाऊन तिला सांगून आले. आत्या पुरणाचा डबा घेऊन आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून रडली. मी दाराच्या चौकटीला उजव्या खांद्यानं धडकायचे, त्यावरही, "मायची चाल बी हीच."

माझी नजर जात होती आणि घरात पुरण शिजत होतं.

अण्णांना अडाणी म्हणून हे वाचणारे मोकळे होतील. तसं सोडणार नाही मी. शाळेत दरवर्षी तपासणीचं पथक यायचं. वजन, उंची, दात. माझी पाळी आली की बाई माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि नजर खाली घालून रकाना भरायच्या. त्यांनी माझ्यावर दया केली, माझा डोळा काही तपासला नाही. लहानपणी तापासाठी नेलं त्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, "जन्मखूण आहे, काही होत नाही." शिकलेली माणसं होती ही.

आधी तू बस

पुसेगावला आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी डोळ्यांचं शिबिर ठेवलं होतं. पत्रक माझंच. माणसं आली, पण डोळ्याचा दाब मोजायच्या यंत्रापुढं कोणी बसेना. डोळ्यावर हवेचा एक फुत्कार येतो, एवढंच असतं. रांगेत पहिले होते ते आबा हटून बसले.

"पोरी, आधी तुझ्या डोळ्यात मारू दे ती हवा. जळलं न्हाई तर मी बसतो."

"आबा, काही होत नाही हो."

"मंग बस की. काहून भेतीस?"

बसले. डावा डोळा झाला. उजवा झाला. मोजणाऱ्या ताईंनी उजवा परत मोजला. मग तिसऱ्यांदा. मग त्या उठून डॉक्टरबाईंना घेऊन आल्या.

"हा डाग जन्मापासून?"

मी तयारच होते. "मॅडम, हा आजार नाही. मी यावर पत्रक काढलंय."

"पत्रक मी नंतर वाचते," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी हनुवटी इथं टेकवा. डोळ्याचा दाब याआधी कधी तपासला?"

"नाही."

"एकदाही नाही? पापणीवर डाग असताना?"

मागून आबा ओरडले, "काय झालं वो? जळलं का तिचं?"

मी नांदेडला गेले. तिथं एका अंधाऱ्या डब्यात तोंड घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी पटापट दाबत होते. उजव्याच्या वेळी बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. तसं म्हणालेही. ताई म्हणाल्या, "चालूच आहे."

तो माझा निदानाचा दिवस. यंत्र चालू होतं.

काचबिंदू. पापणीवर आणि कपाळावर असा डाग असला की आतल्या रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असू शकतात, डोळ्यातलं पाणी नीट वाहून जात नाही, दाब वाढतो आणि नजर कडेकडून खात येते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. असा डाग मेंदूतही उतरलेला असू शकतो, म्हणून मेंदूचाही फोटो काढला, तो चांगला निघाला. "गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू," डॉक्टर म्हणाले आणि दोन वेळचे थेंब लिहून दिले. कायमचे. मग भुवईत वाढलेली मोहरीएवढी गाठ त्यांनी बघितली. ती कंगवा लागला तरी फुटायची आणि रक्त थांबायचं नाही. म्हणाले, "त्वचा वयाप्रमाणे जाड होत जाईल, अशा गाठी वाढतील. संभाजीनगरला लेसर होतं, तिथं दाखवा. डोळ्याच्या उपचाराला पर्याय नाही. चेहऱ्याचं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. गाठीमुळे ठरवलं असं सगळ्यांना सांगितलं. ते अर्धं खरं. अर्धं असं की चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं, चेहऱ्याचं तुम्ही ठरवा. आणि मला माझा चेहरा बघायचा होता. आजी नसलेला.

दोन बाजूंनी मार

आईला बसमधूनच फोनवर सांगितलं होतं. अण्णांना घरी, ओट्यावर बसवून सांगितलं. डोळ्याचं ऐकताना ते मान हलवत होते. लेसर म्हटलं आणि मान थांबली.

"पुसून टाकायचं म्हणतीस?"

"फिकट होईल. पूर्ण जात नाही."

"माह्या मायला दोनदा मारतीस का?"

मी पत्रकं लिहिणारी बाई. मला नेमका घाव कुठं घालायचा ते येतं. मी म्हणाले, "तुमची माय मेली, अण्णा. तिला जाळून आलात तुम्ही. मी जिवंत आहे आणि माझा डोळा चाललाय."

ते उठून शेतात गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायलाही मी आत गेल्यावर यायचे. ज्या माणसानं मला कधी ब्र काढून दुखवलं नाही, त्यानं माझ्याकडे बघणं सोडलं. हे मी धीटपणे लिहितेय, पण तेव्हा माझी भूक गेली होती.

दुसरी बाजू संघटनेची. नसीमा माझी मैत्रीण, औंढ्यात तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. आमच्या पत्रकांचे गठ्ठे त्याच दुकानात असतात. ती मशीनवर बाही शिवत होती. ऐकून तिनं पाय थांबवला.

"आणि ह्या गठ्ठ्याचं काय करू? 'चेहरा बदलणार नाही' म्हणून तुझा फोटो हाय यावर. पिको करायला कापडाखाली घालू का?"

"नसी, माझा डोळा..."

"डोळ्याचं कर ना. कोण ना म्हणतंय? पण गालाचं कशापायी? त्या पुसेगावच्या डागवाल्या पोरीनं तुझं पत्रक भिंतीला लावलंय. तिला काय सांगू, गयादीदी गोरी व्हायला गेली?"

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. शेवटी मी म्हणाले, "पत्रकात चूक आहे. मी लिहिलं की डाग म्हणजे काहीच नाही. डाग म्हणजे लाज नाही, हे खरं. पण तो काहीच नाही, हे खोटं. तो डोळा खातो. मी जिल्हाभर खोटं वाटलंय."

नसीमानं बाही उलटी करून टाका तपासला. मग म्हणाली, "तो फिर नया लिख. पर सच लिख. आणि गालाचं तुला हवं म्हणून करून राहिली, हे बी लिही. डॉक्टरच्या पदराआड लपू नको."

लिहिलंय. वर बघा.

उपचाराला मदत मिळते का ते विचारायला सरकारी योजनेच्या खिडकीवर गेले, तर तिथल्या साहेबांनी कागद बघून म्हटलं, "हे सौंदर्याचं काम आहे, आजारात बसत नाही." मी भुवईवरची पट्टी काढली. गाठ फुटलेलीच होती. रक्त हनुवटीपर्यंत आलं. विचारलं, "साहेब, हे कोणत्या सौंदर्यात बसतं?" त्यांनी मला खुर्ची दिली आणि अर्ज घेतला. ज्यांना असं करता येत नाही त्यांनी रिकाम्या हातानं परत यायचं का, हा माझा प्रश्न अजून त्या खिडकीवर पडलेला आहे.

सासूबाई, या आता

लेसरला जाणाऱ्यांसाठी खरं काय होतं ते सांगते. ऐकीव सांगणारे फार आहेत.

चेहऱ्याला बधिर करायचं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवतात आणि तासभर बसवून ठेवतात. बाहेर बाकावर सात-आठ माणसं अशीच प्लास्टिक लावून बसलेली, त्यात एक कडेवरचं लेकरू. त्या एका तासात मला कोणी टक लावून बघितलं नाही. आयुष्यातला पहिला बाक असा.

माझा डाग पापणीवर, म्हणून डोळ्यात थेंब टाकून पापणीखाली धातूची पातळ वाटी बसवली. लिहायला भयंकर वाटतं. खरं तर ते फक्त गार लागतं. मग अंधार, यंत्राचा टूं आवाज, थंड वाऱ्याची एक फुंकर आणि चटका. फोडणीतली मोहरी उडून हातावर तेलाचा थेंब पडतो तसा. एक थेंब कोणीही सोसतं. पण हे थेंब शेजारी शेजारी, ओळीनं, शेतात सरी पाडल्यासारखे पडत जातात. भुवईचे केस जळाल्याचा वास येतो. चौथ्या-पाचव्या चटक्याला मी पाय झाडला.

आई हिरवा चष्मा घालून माझ्या पायाशी उभी होती. तिनं पाय घट्ट धरले आणि हळू आवाजात, अगदी पदर सावरून बोलतात तशा सुरात म्हणाली, "सासूबाई, या आता. लई दिवस राहिल्या. जपून जा."

मला हसू फुटलं.

"हलू नका!" डॉक्टर ओरडले.

"मी नाही, आई हसवतेय!"

"आजी, तुम्ही बाहेर बसा."

"मी आजी न्हाई वो," आई म्हणाली, "आजी चाललीय तिकडं."

पहिला चटका ते शेवटचा, पंधरा-वीस मिनिटं. एवढंच. भीती वाटत असेल तर वाटू द्या, ती त्या मिनिटांत मावते.

काळी पडलेली बाई

घरी येईपर्यंत जिथं जिथं चटका बसला तिथं काळे-निळे गोल उठले होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दहा-पंधरा दिवस डाग आधीपेक्षा वाईट दिसेल, मग हळूहळू उतरेल. डोकं हे मान्य करतं, आरसा करत नाही.

हळद शिजवायचे दिवस होते. गावात सगळीकडे वाफ आणि पिवळी धूळ. आमच्याकडे जखम दिसली की आधी हळद, विचार नंतर. शेजारची काकू मूठ भरून ओली हळद घेऊन आलीच. आई दारात आडवी उभी राहिली. "काहून लावायची न्हाई? आपल्याच रानाची हाय!" काकूचा अपमान झाला. रानाची असो नाहीतर देवळाची, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, आणि ऊन लागू द्यायचं नाही. मी फेब्रुवारीच्या उन्हात छत्री घेऊन फिरत होते.

एसटीत एक गंमत झाली, तिला गंमत म्हणावं का ते कळत नाही. अनोळखी बाईनं माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं, सावलीच्या बाजूची जागा दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "नवऱ्यानं मारलं ना? पोलिसात जा, माय. मी येते संगं." चोवीस वर्षं माणसं माझ्या चेहऱ्यावरून नजर काढून घेत होती. मार खाल्लेला वाटला तेव्हा कुठं कोणी बघितलं. मी तिला खरं सांगितलं. तरी तिनं आपला नंबर लिहून दिला. "लागला तर ठेव."

अण्णा शेतावरून आले आणि चुकून समोर आले. थिजलेच. इतक्या दिवसांनी बोलले ते आईशी, "जाळलं का तिला?"

तिला. तुला नाही. दुखतं का, असं त्यांनी मला विचारलं नाही. त्यांना माझ्या चेहऱ्यावर त्यांची आई भाजलेली दिसत होती, आणि मी तिथं नव्हतेच. लेसरचा चटका मी विसरले आहे. हा नाही विसरले.

नवमी

दोन दोन महिन्यांनी जात राहिले. चौथ्या खेपेनंतर कपाळ फिकट गुलाबी झालं. भुवईतली गाठ गेली. गालावरचं जवळजवळ दिसेना. पापणी मात्र हट्टी आहे, तिथं अजून लाल आहे. डॉक्टर म्हणाले, लहानपणी सुरू केलं असतं तर जास्त उतरलं असतं. मी मान हलवली. प्रत्येक गोष्टीवर भांडत बसले तर जगू कधी?

मग पितृपक्ष आला. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढतात. आमच्या घरात त्या दिवशी कावळ्याला पान कधी ठेवलं नाही. काहून ठेवायचं? जिचं पान ती घरातच बसलेली. पहिलं ताट दरवर्षी माझ्यापुढं यायचं, नवी साडी माझ्या मांडीवर ठेवायचे, मला ती नेसता येत नव्हती तेव्हापासून.

त्या सकाळी आईनं खीर, वडे, कढी केली, ताट वाढलं आणि अण्णांना विचारलं, "हे कुठं ठेवू?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ. मग ताट उचललं आणि जिना चढून गच्चीवर गेले.

खूप वेळ खाली आले नाहीत म्हणून मी वर गेले. ताट कठड्यावर होतं. कावळा आला की नाही हे मी सांगणार नाही. तो त्याच्या पोटासाठी येतो, त्याचा माझ्या आजीशी काही संबंध नाही. अण्णा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते आणि रडत होते. आई सांगते, आजी गेली तेव्हा ते रडायच्या आतच माझी चाहूल लागली, मग मी आले, मग रडायचं राहूनच गेलं.

मी शेजारी बसले. पत्रकातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"माय गेली गं, गया," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

थोड्या वेळानं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "उजव्यानं किती दिसतं तुला?"

मी डावा डोळा झाकला. त्यांनी आपला हात माझ्या उजव्या कानाच्या बाजूनं, लांबून हळूहळू आत आणला. "आता?" "नाही." "आता?" "नाही." "आता तरी?" हात जवळजवळ समोर आला तेव्हा मी म्हणाले, "हं, दिसला." त्यांनी तो हात तिथंच धरून ठेवला. मग परत बाजूला नेला आणि परत आणला. पाच-सहा वेळा. जणू एखाद्या वेळी तरी आधी दिसेल.

वारंगा फाट्यावर

नवं पत्रक निघालं. एकच पान. "डाग म्हणजे लाज नाही. पण कपाळावर, पापणीवर असेल तर डोळा तपासा. आजच." ते वाचून नसीमाच्या लांबच्या मामूंचा फोन आला. वारंगा फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान. नात पाच महिन्यांची, डाव्या पापणीवर लाल डाग. मी मोटारसायकल चालवत नाही, उजवीकडून येणारं मला उशिरा दिसतं. अण्णा म्हणाले, "मी सोडतो."

सोडतो म्हणाले, पण आत येऊन बसले. लेकरू झोपलेलं. मामू माझं ऐकत होते, पण हात चोळत होते. "बेटी, बाळ हसतंय, दूध पितंय, कुछ तकलीफ नहीं. एवढ्या लहान जिवाला नांदेडला न्यायचं, गुंगी देऊन तपासायचं... जरा मोठी होऊ दे. डाग तर खुदाची देन हाय."

मी तोंड उघडलं. मला दहा मुद्दे येत होते. त्याआधी अण्णा बोलले.

"भाई, माह्या पोरीलाबी तकलीफ नव्हती. ती सांगत होती, दिसत न्हाई म्हणून. मी खुश झालतो. देवानं माय परत दिली म्हणून खुश झालतो. अर्धा डोळा गेला तिचा, माह्या खुशीपायी." त्यांनी झोपलेल्या लेकराकडे बघितलं. "देन हाय तर हाय. देणाऱ्यानं डोळाबी दिलाय ना? तो उद्या दाखवा. गाडी न्हाई भेटली तर मला फोन लावा."

मामूंनी नातीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

तिसऱ्या दिवशी नांदेडहून त्यांच्या सुनेचा फोन आला. "दीदी, प्रेशर बराबर है. अभी कुछ नहीं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं."

मी ओरडतच घरात गेले. अण्णा हळदीच्या पोत्यांवर बसून सुतळी सोडवत होते. ऐकून त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला. मग लगेच विचारलं, "परत कधी बोलावलं? एकदा दाखवून भागत न्हाई ना?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"मंग?" अण्णा म्हणाले. "लाव फोन."